बंद पडलेली लोहाराची भट्टी पुन्हा पेटवताना

आमच्या खोपटातली आग अकरा वर्षं विझलेली होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा भाता थांबला, आणि चार वर्षांपूर्वी अण्णाही गेले. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस धरायला शिकवण्यात सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊन सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी परतले तेव्हा खोपटाच्या दारात करंज उगवला होता आणि ऐरणीवर कोंबड्यांची डालगी उपडी घातलेली होती. आईला म्हटलं, "हे पेटवायचं." ती एवढंच म्हणाली, "मग घण मी मारणार नाही आता, माणूस बघ."

आई बत्तीस वर्षं घण मारत होती. लोहाराच्या घरातल्या बायका भाता ओढतात, घण मारतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण लोहाराची गोष्ट सांगताना ती फक्त बाप्याची सांगतात. म्हणून हे आधी लिहून टाकलं.

तुमच्या घरात, भावकीत किंवा गावात असं खोपट उभं असेल, तर त्याचं काय करायचं याबद्दल मी जे शिकले ते पुढे लिहिते आहे. लोकांना दोनच वाटा सुचतात. एक तर भंगारवाल्याला बोलवायचं, नाही तर ऐरणीला काळा ऑइलपेंट मारून दिवाणखान्यात ठेवायची. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी म्युझियममध्ये बलुतेदार पुतळ्यांमधून दाखवले आहेत. पोरांना ते जरूर दाखवावेत, मीही माझ्या नातवाला नेलं होतं. पण जिथे खरी भट्टी शाबूत आहे तिथे ती पेटवावी, असं माझं ठाम मत आहे. भट्टीत काय काय होतं हे विझलेल्या भट्टीकडे बघून कळत नाही.

आधी काही हलवू नका

पहिले दोन दिवस झाडू हातात घेऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्याला आधी साफसफाईच सुचते. मी यायच्या आधी घरच्याच एकाने मदत म्हणून खोपट "मोकळं" केलं आणि निम्म्या सांडश्या किलोच्या भावाने गेल्या. अण्णांकडे सतरा सांडश्या होत्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं. चपटं तोंड पट्टीला, गोल तोंड सळईला, खाचेचं पहारीला, आणि एक वाकड्या चोचीची फक्त खुरप्याच्या नाकासाठी. आता आठ उरल्यात. गेलेल्या नऊंपैकी चार कशासाठी होत्या ते आईलाही सांगता येत नाही, कारण ती वस्तू हातात आल्याशिवाय आठवणार नाही.

तेव्हा आधी चारी कोपऱ्यांतून फोटो काढा. मग टेप घेऊन मोजा आणि वहीत खोपटाचा आराखडा काढा: बसायची जागा, भट्टी, ऐरण, पाण्याची डोणी, भाता, घण मारणाऱ्याने उभं राहायची जागा. आमच्याकडचा लोहार बसून काम करतो, त्यामुळे ऐरण बुटकी असते. आमच्या ऐरणीचा माथा जमिनीपासून नऊ इंच आहे. अण्णा बसायचे तिथून डाव्या हाताला भट्टी, समोर ऐरण, उजव्या हाताला डोणी. लाल लोखंड बाहेर काढून ऐरणीवर ठेवायला त्यांना उठावं लागत नव्हतं, नुसता खांदा वळवला की झालं. ही अंतरं म्हणजे एका माणसाच्या हाताचं माप असतं. ऐरण एक हात जरी सरकवली तरी ते माप गेलं.

ऐरण आधीच कोणी हलवली असेल तर तिची मूळ जागा सापडते. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि जमिनीवरून हळूहळू फिरवा. तापलेल्या लोखंडावर घाव बसला की त्याची काळी खपली उडते, माशाच्या खवल्यासारखी. वर्षानुवर्षं ती जमिनीत बसलेली असते आणि चुंबकाला चिकटते. जिथे पिशवीला सगळ्यात जास्त खपली लागेल, तिथे ऐरण होती. उत्खननात जुन्या लोहारकामाच्या जागाही अशाच ओळखतात. म्हणूनच म्हणते, झाडू मारू नका. त्या मातीत शंभर वर्षांचं काम पडलेलं असतं.

ऐरणीखालचा ओंडका तपासा. तो बहुतेक बाभळीचा असतो आणि दोन-अडीच फूट जमिनीत पुरलेला असतो. ऐरणीवर हातोडीने हलकेच टोला द्या. आवाज खणखणीत आला तर खाली सगळं घट्ट आहे. आवाज बद आला तर ओंडका कुजलाय किंवा ऐरण त्यात सैल झालीय. आमचा वाळवीने पोखरला होता. मी तेवढ्याच उंचीचा बाभळीचा नवा ओंडका घेतला, खड्ड्यात मुरूम ओतून थरथराने धुमसला आणि ऐरण जशी होती त्याच तोंडाने बसवली. ऐरणीच्या कडा फुटलेल्या असतात, मधे खळगा पडलेला असतो. ग्राइंडर लावून ती सपाट करू नका. आमच्या ऐरणीची एक कड आतून गोल झालीय. अण्णा खुरप्याची मान तिथेच वाकवायचे, तिथेच ती बरोबर वळते.

आणि ऐरणीवर बसायचं नाही, पाय द्यायचा नाही, ओलांडायची नाही. हे कोणी विचारलं तर त्याला खुशाल सांगा की आमच्यात चालत नाही.

खोपट अंधारंच राहू द्या

पत्रे बदलताना गवंडी म्हणाला, "ताई, दोन पारदर्शक पत्रे टाकू, उजेड येईल." चुलतभाऊ म्हणाला, ट्यूब लावू. दोघांनाही मी थांबवलं. लोहाराचं खोपट अंधारं असतं ते गरिबीमुळे नाही. लोखंड किती तापलंय हे डोळ्यांनी, रंगावरून ओळखायचं असतं. उन्हात जे लोखंड तुम्हाला काळं दिसतं, तेच अंधारात लालबुंद असतं. उजेडात काम करणारा माणूस हमखास जास्त तापवतो, आणि जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ होतं, शेवटी ठिणग्या टाकत जळतं. आमच्या खोपटाला दार पूर्वेला आहे आणि पश्चिमेची भिंत बंद, त्यामुळे दुपारनंतर आत एकसारखा मंद उजेड राहतो. पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं लोखंड बुडवून कडक करायचं काम अण्णा नेहमी दुपारीच काढायचे. जुन्या बांधणीतल्या अशा गोष्टींचं कारण लगेच कळलं नाही तरी त्या तशाच राहू द्याव्यात.

मात्र धूर जायला वाट हवी. भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट बुजवू नका. कोळशाच्या आगीतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. दार लावून भट्टी पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

हत्यारांचा गंज

आधी प्रत्येक हत्याराला दोऱ्याने चिठ्ठी बांधा. घरात त्याला काय म्हणत, ते कोण वापरी, कशासाठी वापरी, एवढं लिहा. आमच्या खोपटात घण, मोठा हातोडा, हातोडी, छिन्न्या, सुंबे, सांडश्या, कानशी आणि कोळसा ओढायची आकडी, एवढं निघालं. पुस्तकातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असेल तर घरातलं नाव आधी लिहा.

गंज काढायला ग्राइंडर नको, आम्ल नको, सॅंडब्लास्टिंग तर नकोच. हत्यार रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, मग तारेच्या ब्रशने सैल गंज तेवढा काढा. खाली जो काळपट तपकिरी थर घट्ट बसलेला असतो तो राहू द्या, तो लोखंडाला सांभाळतो. पुसून, उन्हात वाळवून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. त्या पसरून वाळवा किंवा जाळून टाका.

छिन्न्यांच्या डोक्यांकडे नीट बघा. घाव खाऊन खाऊन डोकं छत्रीसारखं पसरलेलं असतं. ती छत्री म्हणजे तीस वर्षांच्या घावांची नोंद आहे, पण तीच सगळ्यात धोक्याची आहे. घाव बसला की तिचा तुकडा गोळीसारखा उडतो. त्यामुळे दोन गट करा. ज्या छिन्न्या नुसत्या जपायच्या त्यांना हात लावू नका, आणि त्यांच्यावर घाव कधीही घालू नका. ज्या वापरायच्या त्यांची छत्री घासून काढा. हातोड्यांच्या दांड्यांनाही हाच न्याय. अण्णांच्या हातोडीचा दांडा अंगठ्याच्या जागी खोलगट झालाय. तो मी काढून भिंतीवर ठेवला आणि कामाला नवा बसवला.

जुन्या कुऱ्हाडी, विळे मिळाले तर धारेजवळ तिरप्या उजेडात बघा. कधीकधी एक पुसट रेघ दिसते, धारेकडचा भाग किंचित वेगळ्या रंगाचा असतो. पोलाद महाग होतं तेव्हा सगळं हत्यार साध्या लोखंडाचं करत आणि फक्त धारेला पोलादाचा तुकडा आगीत जोडत. टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून, लोखंड पांढरं होईपर्यंत तापवून, घणाच्या घावांखाली ती दोन लोखंडं एकजीव करत. अशी रेघ सापडली तर ते हत्यार पुन्हा आगीत घालू नका.

भाता

आमचा भाता चामड्याचा, दोन फळ्यांमधला. अकरा वर्षांत चामडं पापडासारखं झालं होतं. सुकलेला भाता कधीही थेट उघडायचा नाही, घडीवर चिरतो. आधी आठवडाभर ओलसर सुती कापड वरून टाकत राहिले, रोज बदलत. चामडं जरा वळायला लागल्यावर एरंडेल तेल कोमट करून बोटाने चोळलं, तेही थोडं थोडं, चार-चार दिवसांनी. पूर्वी मोटेच्या चामड्यालाही एरंडेलच लावायचे. खोबरेल नको, शेंगतेल तर मुळीच नको, उंदीर भाता खाऊन टाकतात.

मग एकाने फळी हलकेच वरखाली करायची आणि दुसऱ्याने पेटलेली उदबत्ती शिवणींवरून फिरवायची. जिथे धूर थरथरतो तिथे गळती. आतला झडपेचा पडदा बघायला विसरू नका, कारण हवा आत घेणारा आणि बाहेर जाऊ न देणारा तोच असतो. तो चिकटला तर भाता नुसता उसासे टाकतो.

आमचा भाता एवढं करूनही रोजच्या कामाला टिकणार नव्हता, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणून तो वर्षातून दोनदाच ओढायचा असं ठरवलं आणि एरवीसाठी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा बसवला. विजेचा ब्लोअर मी मुद्दाम घेतला नाही. त्याची हवा एकसारखी येत राहते, शिकणाऱ्याचं लक्ष उडतं आणि लोखंड जळतं. हाताने फिरवताना आग आणि हात एकमेकांशी बांधलेले राहतात.

एक इशारा. दगडी कोळसा जळत असताना हवा थांबली की कोळशाचा वायू उलटा, भात्याची हवा आगीत नेणाऱ्या नळीत आणि तिथून भात्यात शिरतो. पुन्हा हवा दिली की तो पेटून भाता फुटू शकतो. काम थांबवताना नळी आगीपासून मागे ओढा, आणि पुन्हा सुरू करताना आधी दोन-तीन हलके फुंके बाहेर सोडा, मगच नळी लावा.

माती आणि कोळसा

भट्टीचं तोंड आणि नळीभोवतालची माती फुटलेली असणारच. चिकणमाती, शेण आणि गव्हाचा भुसा एकत्र तुडवून दोन दिवस मुरू द्या, मग लिंपा. वाळायला आठ दिवस द्या आणि नंतर दोन-तीन वेळा नुसता काटक्यांचा हलका जाळ करा. घाई केली तर माती फुटून अंगावर येते. नदीतले गोटे, सिमेंटचे ठोकळे भट्टीत वापरू नका. त्यांच्यात पाणी अडकलेलं असतं, ते तडकून उडतात.

कोळसा शक्यतो बाभळीचा लोणारी घ्या. त्यात गंधक नसतं, तो लवकर पेटतो, लवकर विझतो, पण लागतो खूप. सुपारीएवढे तुकडे करून चाळून घ्या, भुकटी भट्टीत घालू नका. दगडी कोळसा वापरलात तर सुरुवातीचा पिवळा धूर पूर्ण जाऊ द्या, कोळसा फुलून त्याचा कोक झाला की मगच लोखंड घाला. त्या धुरातलं गंधक लोखंड नासवतं.

आणि जस्ताचा मुलामा असलेलं काहीही आगीत घालायचं नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइप, पत्रा, बादलीचा कान, काहीही नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळीही तापवू नका. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा, पायात चामडी बूट. आई आयुष्यभर अनवाणी घण मारत होती. तिच्या पावलांवरचे डाग मी बघितलेत, म्हणून हे लिहिते.

पहिलं काम: पहार शेवटणे

पहिल्याच दिवशी कोयता करायला जाऊ नका. गावातल्या कोणाची तरी बोथट पहार आणा आणि ती शेवटा. झिजलेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा काढायचं आणि त्याला पाणी द्यायचं, याला आमच्याकडे शेवटणं म्हणतात. कुदळ, टिकाव, नांगराचा फाळ, सगळं शेवटलं जायचं. मृगाच्या आधीचा महिना-दीड महिना आमच्या दारात बैलगाड्या लागायच्या. किर्लोस्करवाडी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानाच्या माळावर कारखाना वसवला. लोखंडाने जमीन नासते असं सुरुवातीला शेतकऱ्यांना वाटायचं, नांगर विकला जाईना. पण आमच्या आज्याच्या वेळेपर्यंत दोन्ही नांगर शेजारी शेजारी चालत होते, आणि लाकडी नांगराचा फाळ आमच्याच ऐरणीवर शेवटला जात होता.

पहारीचं टोक चार इंच कोळशात घाला, कोळशावर नाही. वर कोळसा ओढून घ्या आणि संथ हवा द्या. आता रंग बघा. अण्णा रंगांना डाळिंब, झेंडू, हळद अशी नावं द्यायचे. मी शिकवताना अंशांचा तक्ता वापरायची, पण घरी तपासून बघितलं तेव्हा दोन्ही जुळले. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल म्हणजे साधारण ८०० अंश सेल्सिअस, झेंडू म्हणजे ९५० च्या आसपास, हळद म्हणजे ११००. ठोकायचं ते झेंडू ते हळद या दरम्यान. रंग डाळिंबाच्या खाली उतरला की हात थांबवा आणि परत आगीत घाला. थंड पडलेल्या लोखंडावर घाव घातला तर आत चिरा पडतात. त्या लगेच दिसत नाहीत, शेतात दगडावर दिसतात.

टोक आधी चौकोनी काढा. दोन घाव एका बाजूला, पाव फेरा वळवा, दोन घाव. चौकोन नीट निघाला की मग कडा मारा. थेट गोल टोक काढायला गेलात तर मधे पोकळी पडते.

दोघांनी काम करताना बोलायचं नसतं. बसलेला माणूस हातोडीने जिथे टोला देतो, तिथेच घण पडला पाहिजे. हातोडीचा टोला जड तर घणही जड. हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी टेकवली की घण थांबला. आई आणि अण्णा असं तासन्‌तास काम करायचे, एक शब्द न बोलता. आदल्या रात्री भांडण झालेलं असलं तरी घण चुकत नसे. आता घणावर शेजारचा विशीतला मुलगा असतो. आई दारात बसून त्याचा आवाज ऐकते, आणि घण अर्धा घाव उशिरा पडला तर तिला न बघता कळतं.

पाणी

ठोकून झालं म्हणजे काम झालं असं नाही. टोक आता मऊ आहे. त्याला पाणी द्यायचं.

टोकाचे दोन इंच पुन्हा डाळिंबी करा. खात्री नसेल तर लोहचुंबक जवळ न्या. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून एक छटा पुढे जाऊ द्या आणि बाहेर काढा. टोकाचा इंचभर भाग डोणीत बुडवा आणि किंचित वरखाली हलवत राहा. एका जागी धरलं तर पाण्याच्या रेषेवर चीर पडते. लाली गेली की बाहेर काढा, वरचा भाग अजून गरमच असला पाहिजे. झटकन दगडाने टोक घासून चकचकीत करा आणि आता डोळे हलवू नका.

वरची ऊब टोकाकडे सरकायला लागते आणि लोखंडावर रंग चालत येतात. आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, सुमारे २२० अंश. मग तपकिरी, २६० च्या आसपास. मग वांग्याचा जांभळा, २८०. मग मोरपंखी निळा, ३००. विळ्याला, खुरप्याला पिवळा-तपकिरी हवा, कारण तिथे धार टिकायची असते. छिन्नीला जांभळा. पहारीला जांभळा सरून निळा आला की टोक पाण्यात बुडवा, कारण तिला दगडाचा मार सोसायचा असतो. हे रंग काही क्षणच असतात. मला पहिल्या सात-आठ वेळा जमलं नाही.

डोणीतलं पाणी फार गार नको. थंडीच्या सकाळी अण्णा आधी एक तापलेला तुकडा डोणीत टाकून पाणी कोमट करायचे. मला वाटायचं ती काहीतरी रीत आहे. गार पाण्यात पोलाद एकदम आकसतं आणि चिरतं, हे मला नोकरीत शिकवताना कळलं.

सगळ्याच लोखंडाला पाणी बसत नाही. बांधकामाची साधी पट्टी कितीही लाल करून बुडवा, मऊच राहते, तिच्यात कर्ब कमी असतो. विळे-कोयत्यांसाठी ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात, त्यात सुमारे ०.६ टक्के कर्ब असतो. पण पातळ पाट्याला पाणी नको, तेल हवं. मी पहिलं खुरपं पाट्याचं केलं, सगळं सुरेख जमलं आणि सवयीने पाण्यात बुडवलं. टिंग असा आवाज आला. धारेपासून मानेपर्यंत केसाएवढी चीर. ते खुरपं मी भट्टीच्या वर खिळ्याला टांगून ठेवलंय, नवीन मुलांना आधी तेच दाखवते. तेल बुडवण्यापुरतं लोखंडी डब्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा, पेटलं तर वरून पाणी न टाकता झाकण घाला. विळ्याला दाते पाडायचे असतील तर ते तेलाच्या आधी, लोखंड मऊ असताना.

अंगण, कीट आणि माणसं

खोपटाबाहेर काळपट गोल डाग असेल तर तिथे पेव्हिंग ब्लॉक टाकू नका. बैलगाडीच्या चाकावर तिथेच धाव, म्हणजे लोखंडी कडं, चढवत. सुतार चाक करायचा, लोहार धाव. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या गोल जाळात तापवायची आणि चौघांनी सांडश्यांनी उचलून चाकावर बसवायची. साडेचार मीटर घेराची धाव ५०० अंशांनी तापली की घेर सुमारे २७ मिलिमीटर वाढतो. चाकावर बसली की पाणी ओतायचं. ती आकसताना चाकाचे सगळे सांधे कडकड आवाज करत आवळले जातात. आमच्या अंगणात शेवटची धाव चढली तेव्हा मी सातवीत होते, पाण्याची घागर माझ्याकडे होती.

उकिरड्याच्या बाजूला भट्टीचं कीट, म्हणजे आगीत वितळून थिजलेला मळ, सापडेल, हलकं, सच्छिद्र, राखाडी. ते कोळशाचं. पण रानात कुठे जड, काळं, काकवी ओघळून थिजल्यासारखं कीट ढिगाने दिसलं, तर ते लोखंड गाळल्याचं असू शकतं. गावच्या लोहाराने लोखंड कधी गाळलं नाही, तो ते विकत घ्यायचा. गाळायचे ते वेगळे. सह्याद्रीत जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड होते. नागपूरजवळ नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासची. तेव्हा असा ढीग दिसला तर उकरू नका, फोटो काढून राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि जी माणसं अजून आहेत त्यांना आधी गाठा. कागद घेऊन प्रश्न विचारत बसू नका, मिळणार नाही. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात त्याचीच जुनी कुदळ द्या आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. बलुतं कसं मिळायचं, सुगीला खळ्यावर किती पेंढ्या वेगळ्या काढायचे, कोणत्या साली ते थांबलं आणि रोख पैसे सुरू झाले, हे एकजण सांगायला लागला की दुसरा दुरुस्त करतो. बलुत्याचं कडूही लिहून घ्या. दुष्काळात खळ्यावर गेलेल्या लोहाराला रिकाम्या हाताने पाठवलेलं आईला अजून आठवतं, तारीख-वारासकट. गावात घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, यायचे तेव्हा कुठे उतरायचे, आणि त्यांच्यात आणि गावच्या लोहारात काय ठरलेलं असायचं, हेही विचारा.

आम्ही वर्षातून दोनदा चामड्याचा भाता ओढतो. एकदा मृगाच्या आधी, गावातल्या पहारी-खुरप्यांसाठी, आणि एकदा खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेनंतर. एरवी आठवड्यातून एक दिवस पंख्यावर. अमावास्येला बंद.

काम संपलं की विझवायची रीत अशी. भट्टीवर पाणी ओतायचं नाही, माती तडकते. जळते कोळसे आकडीने बाजूला ओढून लोखंडी घमेल्यात घ्या आणि वर दुसरं घमेलं पालथं घाला. हवा तुटली की ते विझतात आणि उद्या पुन्हा पेटतात. नळी मागे ओढा. सांडश्या डोणीत बुडवून, पुसून खिळ्याला लावा, प्रत्येक आपापल्या खिळ्याला. राखेवरून हात फिरवून कुठे निखारा राहिलाय का बघा. सगळ्यात शेवटी ऐरणीवर तळहात ठेवा. आमच्याकडे हे काम आईचं आहे. ऐरण गार लागली की ती उठते आणि मी दार ओढून घेते.